पत्ता शकीलच्या लॅपटॉपचा

चार मैत्रिणी जमल्या की बाकीच्या सासरचं सांगतात, मी ऑफिसचं सांगते. सासरच्या गोष्टी कधीतरी संपतात, कारण माणसं सुधारतात किंवा वेगळी राहायला जातात. आमचं ऑफिस सुधारलंही नाही आणि शाहूपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरून हललंही नाही, त्यामुळे माझा साठा वाढतच गेला. एक सांगायला घ्यावी तर तिच्यामागे तीन रांगेत उभ्या असतात. म्हणून आज फक्त एका लॅपटॉपच्या सांगते.

आधी ओळखी करून देते. मालक चौगुले साहेब. त्यांचं पूर्वी मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. सॉफ्टवेअरमध्ये का आलात, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "ह्यात हात काळं होत न्हाईत." शकील आमचा प्रोग्रामर. ऑफिसात जे चालतं ते त्याच्यामुळे आणि जे अडतं ते साहेबांमुळे, एवढी सरळ वाटणी आहे. मी टेस्टिंग करते. म्हणजे चुका शोधते, सांगते, आणि मग त्या तशाच राहिलेल्या बघते.

आमचं काम वेब सेवांचं. दोन कॉम्प्युटरांनी मध्ये माणूस न घेता एकमेकांशी बोलायचं, त्याची सोय आम्ही करतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीतली एक फाउंड्री आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांची गाडी माल भरून गेटवर आली की गेटवरचा कॉम्प्युटर आमच्या सेवेकडे मालाच्या तपासणीचा दाखला मागतो. दाखला आला की गाडी सुटते, नाही आला की उभी राहते.

आता ही सेवा कुठे आहे आणि तिच्याकडे काय, कसं मागायचं, हे सांगणारं एक पान असतं. त्याला आम्ही वर्णन म्हणतो. ते माणूस लिहीत नाही, सॉफ्टवेअर आपलं आपण तयार करतं. बाकी सगळं अचूक लिहितं, पण पत्त्याची वेळ आली की स्वतः ज्या मशीनवर बसलंय तिचाच पत्ता ठोकून देतं. तसं होऊ नये म्हणून खरा पत्ता त्याला आधी सांगून ठेवावा लागतो. त्याला एक ओळ पुरते. ती एक ओळ आमच्याकडे दोन वर्षं कुणी घालू दिली नाही.

*

पहिलं वर्णन आम्ही पाठवलं पेठ वडगावच्या एका पशुखाद्यवाल्यांना. पत्त्याच्या जागी सॉफ्टवेअरने छापलं होतं 'लोकलहोस्ट'. म्हणजे, मी इथेच आहे. शकीलच्या लॅपटॉपवर ते अगदी खरं होतं. वडगावला पोचल्यावर त्या 'इथेच'चा अर्थ वडगाव झाला.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, आमचा कॉम्प्युटर तुमची सेवा सवताच्याच पोटात हुडकाय लागलाय. हितं तर कायबी न्हाय."

मी साहेबांना सांगितलं. साहेब चहा फुंकत म्हणाले, "नीट बघा म्हणावं. आपण कालच पाठवलीया."

तो बिचारा आणखी दोन दिवस बघत होता.

*

त्यानंतर कागलचं काम आलं. शकील म्हणाला, आता पत्ता नीट घालतो. पण आमचा खरा सर्व्हर तेव्हा नुकताच आलेला, त्याचं खोकंही फोडलं नव्हतं. मग त्याने फक्त चाचणीपुरतं, दोन दिवसांसाठी, आपल्या लॅपटॉपचा पत्ता घातला. आमचं ऑफिस आणि फाउंड्री एका खासगी लाइनने जोडलेली, त्यामुळे कागलहून लॅपटॉपपर्यंत पोचता येत होतं.

हे चाचणीचं वर्णन साहेबांनी त्याच दुपारी कागलला पाठवून दिलं. मेल पाठवायचं बटण दाबायला त्यांना फार आवडतं. कागलच्या कॉम्प्युटर विभागाच्या खोत मॅडम कामाला चोख. त्यांनी तासाभरात ते वर्णन आपल्या सॉफ्टवेअरला पाजलं, आणि संध्याकाळपासून त्या फाउंड्रीची प्रत्येक गाडी शकीलच्या लॅपटॉपला विचारून बाहेर पडायला लागली.

शकील म्हणाला, "साहेब, एक ओळ बदलतो आणि त्यांना नवीन वर्णन देतो. धा मिनटं सेवा बंद ऱ्हाईल."

"आता चालतंय न्हवं?"

"चालतंय, पण..."

"मग कशाला हात लावतोस?"

त्याने खोत मॅडमना फोन केला. त्याही म्हणाल्या, "चालू असलेल्याला मी हात लावू देणार न्हाय. बंद पडलं की या, मग बघू."

आता खरी अडचण सांगते. तो लॅपटॉप ऑफिसचा नव्हता, शकीलचा स्वतःचा होता. त्याच्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. पोरगा नोकरीला लागला तेव्हा त्यांनी तो हौसेने घेऊन दिलेला. शकीलची धाकटी बहीण रुबिना त्या वर्षी एमसीएला गेली, आणि तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. शकीलने तिला शब्द दिला होता, ऑफिसात नवीन मशीन आली की माझा तुला. मशीन आली. लॅपटॉप मात्र अडकून बसला. घरी गेला की रुबिना विचारायची, "आणला काय?" आणि हा नाही म्हणायचा. हे मला डबा खाताना तो रोज सांगायचा, आणि मला रोज साहेबांचा राग यायचा.

*

लॅपटॉप स्टुलावर, खिडकीशी, झाकण उघडं. झाकण लावलं की तो झोपणार आणि कागलला गाड्या उभ्या राहणार. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त आक्काला कुणी सांगितलं नव्हतं. आक्का आमच्याकडे झाडलोट करते आणि चहा ठेवते. तिने एक दिवस धूळ बसायला नको म्हणून लॅपटॉप पुसला, झाकला आणि वर फडकं घातलं.

कागलहून फोनावर फोन. अख्खं ऑफिस लाइन तपासतंय, केबल काढून घालतंय. शेवटी शकीलचं लक्ष त्या फडक्याकडे गेलं.

साहेब आक्काला वाट्टेल ते बोलले. आक्काने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दूध उघडं ठिवलं तरी तुम्हीच वराडता, ह्ये झाकलं तरी तुम्हीच वराडता. काय झाकायचं आन् काय उघडं ठिवायचं, एकदा लिवून द्या की."

साहेबांनी खरंच कागद लिहून चिकटवला, 'झाकू नये'. पुढे महिनाभर आमच्याकडे दूधही उघडंच असायचं. आक्का म्हणायची, कागद नीट वाचता आला न्हाय, म्हटलं धोका नको.

*

मग पुण्याहून ऑडिटर आले. फाउंड्रीचा माल घेणाऱ्या बड्या कंपनीने पाठवलेले. गळ्यात पट्टा, हातात प्रश्नांची यादी, आणि आमच्या जिन्यावरून चढतानाच नाक वर.

साहेबांनी त्यांना सर्व्हर रूम दाखवली. खरा सर्व्हर तिथे एसीत बसलेला, दिवे लुकलुकत. सेवेची एक प्रत शकीलने त्याच्यावर कधीच चढवून ठेवली होती, दाखलेही रोज त्याच्यावर उतरत होते. पण त्याला एकही गाडी काही विचारत नव्हती. काम करणारा लॅपटॉप बाहेर स्टुलावर, टेबल फॅनपुढे. ज्याला एसी तो बसून आणि ज्याला पंखा तो राबतोय, ही आमच्या ऑफिसची जुनीच पद्धत आहे.

"वीज गेली तर काय व्यवस्था आहे?" ऑडिटरनी विचारलं.

साहेब छाती काढून म्हणाले, "आमच्या सर्व्हरला स्वतःची बॅटरी आहे."

"इनबिल्ट?"

"इनबिल्ट."

ऑडिटरनी यादीवर टिक केली. खोटं काहीच नव्हतं, म्हणून मला मान खाली घालून बसावं लागलं. मग त्यांनी आमचं वर्णन उघडलं आणि पत्त्यावर बोट ठेवलं. "इथे 'शकील-लॅपटॉप' असं का आहे?"

साहेब एक क्षण थांबले नाहीत. "आम्ही सर्व्हरला माणसाचं नाव देतो. आपुलकी राहती."

"आणि लॅपटॉप?"

"आडनाव."

ऑडिटर हसले नाहीत. पुढच्या भेटीत पत्ता कंपनीच्या नावाने दिसला पाहिजे, असा शेरा मारून गेले.

*

शेऱ्याचा साहेबांनी धसका घेतला. शकील म्हणाला, ओळ बदलू का, तर म्हणाले, नको, तू सेवा बंद करशील. त्यापेक्षा मी स्वतः करतो.

आणि त्यांनी केलं. वर्णनाची तयार फाइल उघडली, 'शकील-लॅपटॉप' खोडून तिथे कंपनीचा पत्ता टाइप केला, आणि समाधानाने घरी गेले. सॉफ्टवेअर रोज पहाटे वर्णन नव्याने बनवतं. सकाळी साहेब बघतात तर पत्ता पुन्हा शकील-लॅपटॉप. त्यांनी पुन्हा खोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कागलने वर्णन एकदाच वाचून आत घेतलेलं, त्यामुळे गाड्यांना याचा काही फरक पडत नव्हता. फरक साहेबांना पडत होता.

आठवडाभर हे चाललं. मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, ऑफिसात कोणतरी माझं लिहिलेलं मुद्दाम खोडतंय. तुमचा कुणावर संशय?"

मी शकीलला बोलावलं. त्याने फार सोपं करून सांगितलं. "साहेब, छापलेल्या कागदावर खोडून काय हुणार? छापखान्याला सांगाय पायजे. सकाळी त्यो पुन्हा जुनंच छापतोय."

"म्हणजे कोणतरी सांगतंय त्याला."

"नवं कोण न्हाय सांगत, म्हणून तर जुनंच छापतोय."

साहेबांना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी कॅमेरा बसवला, बरोबर लॅपटॉपवर रोखून. तीन दिवसांचं चित्रण डोळ्यात तेल घालून पाहिलं. स्टुलापाशी कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "बघितलं? कॅमेरा हाय म्हटल्यावर भ्यालं."

पत्ता त्याही सकाळी शकील-लॅपटॉपच होता.

*

रुबिनाचा अभ्यास अडला तेव्हा शकीलने साहेबांकडे एका रविवारसाठी लॅपटॉप मागितला. फाउंड्रीच्या गाड्या रविवारीही सुटतात, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पण साहेबांचं मन मोठं. म्हणाले, "तिलाच हिकडं पाठव की. बसूं दे स्टुलापाशी. आपली काय हरकत न्हाय."

म्हणजे भावाचा लॅपटॉप वापरायला बहिणीने भावाच्या ऑफिसात यायचं, आणि त्यात उपकार साहेबांचे.

रुबिना येऊ लागली. कॉलेज सुटलं की यायची, दुसरं स्टूल ओढायची आणि त्या रोखलेल्या कॅमेऱ्याखाली बसून अभ्यास करायची. एकीकडे तिचं असाइनमेंट, दुसरीकडे कागलचे दाखले, दोन्ही त्या एकाच जुन्या मशीनवर. एकदा तिने मोठं व्हिडिओ लेक्चर लावलं आणि खोत मॅडमचा फोन आला, "आज सेवा लई हळू हाय."

साहेबांनी स्टुलाकडे बघितलं, फोनवर हात ठेवला, आणि मग गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडं ट्रेनिंग चालू हाय."

पोरगी हुशार. चार दिवसांत तिला वर्णनाचा सगळा घोळ कळला. मला हळूच म्हणाली, "ताई, एक ओळ हाय की. भाई घालत का न्हाई?" मी तिला साहेबांची केबिन दाखवली. तिने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

*

शेवटचा किस्सा तिच्या प्रॅक्टिकल परीक्षेचा.

कॉलेजचा नियम असा, की प्रोजेक्ट स्वतःच्या मशीनवर दाखवायचा. रुबिनाचं सगळं काम त्या लॅपटॉपवर. शकीलने आठ दिवस आधी साहेबांना सांगितलं, गुरुवारी सकाळी दोन तास लॅपटॉप पाहिजे. साहेब म्हणाले, "परीक्षा तिची हाय. गाड्या आपल्या हायत." त्या दिवशी शकीलने डबा खाल्ला नाही.

गुरुवारी सकाळी शकील ऑफिसात नव्हता, कागलला गेला होता. खोत मॅडमकडे जरा काम आहे, एवढंच मला म्हणाला होता. साहेब अजून यायचे होते. साडेनवाला रुबिना जिना चढून आली, मला "ताई, येते" म्हणाली, स्टुलापाशी गेली, 'झाकू नये' या कागदाकडे एकदा बघितलं, आणि झाकण लावलं. लॅपटॉप पिशवीत घातला. मी तिला अडवू शकले असते. मी ड्रॉवर उघडून तिला चार्जर दिला.

साहेब आले तेव्हा कागलचे चार फोन येऊन गेलेले. गेटवर गाड्यांची रांग. त्यांनी रिकामं स्टूल बघितलं. मग कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. त्यात रुबिना, आणि तिला चार्जर देणारी मी.

"मॅडम," ते म्हणाले, "गाडीत बसा."

कॉलेजकडे जाताना त्यांनी शकीलला फोन लावला. शकील म्हणाला, "साहेब, मी हितंच खोत मॅडमच्या शेजारी हाय. त्या म्हणतात, बंद पडलंय तर बघ. पत्ता बदलू काय?"

समोर सिग्नल लाल, मागून हॉर्न, आणि दुसऱ्या फोनवर फाउंड्रीचे मॅनेजर. साहेब ओरडले, "अरं काय करायचं त्ये कर, पण गाड्या सोड."

हेच वाक्य शकील दोन वर्षं मागत होता.

आम्ही कॉलेजचा जिना चढत होतो तोवर त्याचा फोन आला. "सुटल्या, साहेब. सगळ्या."

साहेब पायरीवरच थांबले. "सुटल्या? लॅपटॉप तर हितं हाय."

"एसीतला सर्व्हर दाखलं देतोय आता. धा मिनटाचंच काम होतं."

साहेबांनी फोन खिशात ठेवला. खरं म्हणजे आता आम्हाला परत फिरायला हरकत नव्हती. पण ते लॅबच्या दारापर्यंत गेले, आणि मीही गेले, कारण हे सोडून जाणं मला शक्यच नव्हतं.

आत रुबिना लॅपटॉप उघडून उभी. समोर बाहेरून आलेले परीक्षक, वयस्कर, चष्मा कपाळावर. तिच्या प्रोजेक्टचा विषय होता, आपोआप तयार होणाऱ्या वर्णनात सेवेचा खरा पत्ता कसा घालावा. मांडणी छान केली होती. एक फाउंड्री, एक स्टूल, एक लॅपटॉप, आणि दोन वर्षं न बदललेला पत्ता.

परीक्षकांनी सगळं ऐकलं आणि चष्मा खाली घेतला. "उत्तर चांगलं आहे, पण प्रश्न काल्पनिक वाटतो. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या गाड्या एका जुन्या लॅपटॉपवर? प्रत्यक्षात असं कोण करतं?"

रुबिनाने दाराकडे बघितलं. "त्ये, सर. पांढऱ्या शर्टातले."

लॅबमधल्या सगळ्या माना वळल्या. परीक्षकांनी साहेबांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "ही म्हणते ते खरं आहे?"

मला वाटलं, साहेब आता काहीतरी ठोकून देणार. पण ते त्या लॅपटॉपकडे वळले. मग म्हणाले, "खरं हाय. पोरगी हुशार हाय, सर." आणि रुबिनाकडे वळून म्हणाले, "परीक्षा झाली की आमच्याकडंच ये कामाला. उद्यापासनं आलीस तरी चालंल."

रुबिनाने झाकण लावलं, लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी खांद्याला अडकवली, आणि अगदी अदबीनं विचारलं,

"लॅपटॉप कुणाचा आणायचा, सर?"